सायकलवरून पाहिलेली वाट

अण्णाची सायकल माझ्याकडे आली ती त्यानं मला दिली म्हणून नव्हे, तर त्याला ती आता लागणार नव्हती म्हणून. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. निपाणीच्या एका शाळेत तो गणित शिकवायचा आणि रविवार आला की सायकल काढून वेदगंगेच्या काठानं, कधी पार संकेश्वरपर्यंत, उगाचच भटकून यायचा. मला सायकल त्यानंच शिकवली, तीही अशी की पहिल्या दिवशी ब्रेक कुठं असतो हे सांगितलंच नाही. "आधी पुढं जायला शीक, थांबायचं मागनं बघू," म्हणाला. हा माणूस एक दिवस सगळी वाहनं सोडणार आहे असं तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी पोट धरून हसलो असतो. सव्विसाव्या वर्षी तो एका मुनी महाराजांच्या मागोमाग घराबाहेर पडला आणि दोन वर्षांनी स्वतः दिगंबर मुनी झाला. अंगावरचं वस्त्र गेलं, नाव गेलं, घर गेलं. हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू तेवढा राहिला. वाहन नाही, चप्पल नाही, छत्री नाही. दिवसातून एकदाच, उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत घेईल तेवढंच अन्न आणि पाणी. सायकल आमच्या सोप्यात भिंतीला टेकून उभी होती. वर्षभर तिला कुणी हात लावला नाही, मग एके दिवशी मीच तिच्यात हवा भरली.

आमच्या घरात सगळं सूर्याच्या तालावर चालायचं. मावळतीच्या आत जेवणं उरकायची, त्यामुळे शाळेतून यायला उशीर झाला तर अभ्यास राहिला तरी चालेल पण ताट राहता कामा नये. मागच्या दारी पितळी घागरीच्या तोंडाला दुहेरी धोतराचं फडकं बांधलेलं असायचं आणि आई आडाचं पाणी त्यातून गाळत असायची. त्या पाण्याचा बारीक आवाज हा आमच्या पहाटेचा पहिला आवाज. दुसरा आवाज शिंकांचा, कारण घराला लागूनच तंबाखूची वखार होती आणि वारा फिरला की अख्खं घर शिंकायचं. जेवण साधं. जोंधळ्याची भाकरी, मुगाची आमटी, शेंगांची चटणी, सणाला शेंगापोळी. कांदा-लसूण घरात नव्हताच. अण्णा गेल्यावर कुणीतरी दर्शन घेऊन आलं आणि सांगितलं की महाराजांनी मीठ आणि गूळ सोडलाय. त्या दिवसापासून आईनं आपल्या ताटातलं मीठ बंद केलं. मीच एकदा तिची आमटी चुकून खाल्ली आणि तोंड वाकडं केलं, तेव्हा म्हणाली, "सवय लागती रं जिभंला. लई अवघड न्हाई." आप्पा चारचौघांत छाती काढून सांगायचे की आमचा मुलगा मुनी झाला. घरात मात्र त्याचा विषय निघाला की त्यांना बैलांना वैरण घालायची आठवण यायची. आई दर्शन घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची, "घास किती घेतलं?" तब्येत कशी आहे, आमची आठवण काढतात का, असलं काही नाही. नुसतं घास किती घेतलं.

तिची इच्छा एवढीच होती की एकदा आपल्या हातानं त्याच्या ओंजळीत घास ठेवावा. ही इच्छा ऐकायला सोपी वाटते. पण मुनींना घरी जेवायला बोलावता येत नाही, ताट वाढून पाठवता येत नाही. ज्या गावी ते येतील तिथं शुद्ध पाण्यानं, शुद्ध कपड्यांत स्वयंपाक मांडायचा, त्याला चौका म्हणतात, आणि सकाळी हातात कलश घेऊन दाराशी उभं राहायचं. ते समोरून जातील, थांबले तर थांबले. त्यात गुरूंनी अण्णाला काही वर्षं जन्मगावाकडे फिरकू नकोस म्हणून सांगितलेलं. तीन वर्षं तो दक्षिणेत कारकळ, मूडबिद्रीकडे होता. अशात आमच्या भूपालमामांचं पत्र आलं. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. त्यांचं किनाऱ्यावरच्या एका शहरात कापडाचं दुकान होतं. नदी समुद्राला मिळते तिथं ते शहर आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांनी आम्हाला जीव लावला होता आणि चूक सगळी माझी होती, उगाच त्यांच्या गावाला डाग कशाला. मामांनी लिहिलं होतं की दोन मुनी किनाऱ्यानं वर येतायत, एक वयस्कर आणि एक आपला. शहरात एक सकाळ आहार होईल, मग ते उत्तरेला शिखरजीच्या तीर्थाकडे निघून जातील ते कदाचित कायमचे. आक्काला घेऊन या. आणि सुकुमारला आधी पाठवून द्या, महाराजांना चालायला कुठली वाट बरी ते बघायला सायकलवाला माणूस पाहिजे.

सुकुमार म्हणजे मी. कॉलेजची परीक्षा नुकतीच झाली होती आणि स्वतःला मी फार मोठा प्रवासी समजत होतो. पहाटे निघालो. संकेश्वरात उसाच्या मळीचा वास, मग गडहिंग्लज, आजरा, आणि दुसऱ्या दिवशी आंबोलीचा घाट. तो घाट मी एवढ्या वेगानं उतरलो की आज आठवलं तरी हात घामेजतात. खाली उतरल्यावर हवा एकदम ओली, जड, आणि माणसं हळू बोलणारी. आईनं दशम्या बांधून दिल्या होत्या, शिवाय पाणी गाळायला फडकं. वाटेत दर आडावर मी ते फडकं बाटलीवर बांधून पाणी गाळत बसायचो आणि गावातली पोरं भोवती जमून बघायची. तिसऱ्या दिवशी दुपारी मामांच्या दारात सायकल टेकवली तेव्हा मला उभं राहता येत नव्हतं. मामी हसून म्हणाली, "महाराज पायी येत्यात आणि तू सायकलवरनं येऊन मेलास व्हय?"

पुढचे चार दिवस मी त्या शहराच्या अवतीभवतीचे रस्ते पालथे घातले. आयुष्यात इतक्या आनंदात मी पुन्हा कधी सायकल चालवली नाही. दक्षिणेकडून शहरात यायला तीन वाटा होत्या. एक समुद्राच्या कडेनं, माडांच्या खालून जाणारी. ती दिसायला सुरेख, पण मैल-दीड मैल रस्त्यावरच मासळी वाळत घातलेली असायची, तिथून मुनींना नेणं शक्यच नव्हतं. दुसरी वाट डोंगरातली. काजूच्या बागांमधून चढ-उतार करत ती वरच्या अंगाला नदीवरच्या पुलाशी जायची आणि पूल ओलांडून तितकीच लांब शहराकडे खाली यायची. आणि तिसरी नदीकाठची. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला भाताची रिकामी खाचरं, मधून बांधाचा मऊ मातीचा रस्ता, वर सावली. सकाळी तिथं पाण्यात बगळे उभे असायचे आणि समोरून शाळेला जाणारी मुलं मला हात करायची. मी प्रत्येक वाटेवर सायकल झाडाला टेकवून, चपला काढून, अर्धा मैल अनवाणी चालून बघितलं. ही अक्कल मला अण्णावरच्या प्रेमानं सुचली होती, आणि तिचा मला गर्वही होता. डोंगरवाटेवर जांभ्या दगडाची खडी टाकलेली, बारीक, काटेरी, तव्यासारखी तापलेली. पन्नास पावलांत मी नाचायला लागलो. ती वाट मी तिथल्या तिथं रद्द केली. नदीकाठच्या मातीत मात्र पाय कसा गादीवर पडल्यासारखा पडायचा. जवळपास एखादी शाळा मुक्कामाला, चांगला आड, वाटेत ओलं गवत नाही, किडामुंगी कमी. दक्षिण काठावरच्या शाळेतून सूर्योदयानंतर निघालं तर मामांचं घर जेमतेम साडेचार मैल. मी सगळं वहीच्या पानावर लिहून काढलं. मामांनी ते दोनदा वाचलं, "पोरगं अण्णावर गेलंय," म्हणाले, आणि तो कागद पुढच्या मुक्कामी महाराजांसोबतच्या लोकांकडे पोचवला.

आता त्या साडेचार मैलांच्या मध्ये एक नदी होती. ती मी विसरलो नव्हतो, रोज दोन-चारदा ओलांडत होतो. पण तिच्यावर फेरीबोट चालायची, आणि ज्यानं ती बोट बघितलेली नाही त्याला माझा मूर्खपणा समजणार नाही. रस्ता सरळ धक्क्यापर्यंत जातो, बोटीची लोखंडी फळी सपाट रस्त्यावर येऊन पडते, सायकलवरून न उतरता माणूस आत जातो, एक पाय टेकून उभा राहतो, पाचेक मिनिटं समोरचे माड जवळ येताना बघतो, फळी पुन्हा पडते आणि पुढचा रस्ता सुरू. कोळणी, स्कूटरवाले, म्हशी, सगळे तसेच. मामांना तिथं वीस वर्षं झालेली, त्यांनाही तो रस्ताच वाटत होता. हल्ली आमची सून बेळगावात तिच्या कंपूबरोबर सायकल चालवते. रविवारी काकतीपर्यंत नाहीतर सांबऱ्यापर्यंत जाऊन येतात आणि वर्षाकाठी एकदा समुद्रापर्यंत. मागे तिनं मला फोनवर त्यांच्या वाटेचा नकाशा दाखवला. ठळक निळी रेघ नदीपाशी आली की तुटक होते, टिंब टिंब टिंब, आणि पलीकडे पुन्हा ठळक. मी बराच वेळ ती टिंबं बघत बसलो. ती म्हणाली, "बाबा, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, छान काढलाय नकाशा.

आई एस.टी.नं आली ती दोन डबे, जात्यावर दळलेलं पीठ, मुगाची डाळ, तुपाची बरणी आणि नवी सुती लुगडी घेऊन. आप्पा आले नाहीत. तंबाखूचं कारण सांगितलं. ज्या सकाळी महाराज येणार त्या सकाळी आई तारे असतानाच उठली. आंघोळ करून, वेगळं वाळवलेलं लुगडं नेसून तिनं चौका मांडला. मला आत पाऊल टाकू दिलं नाही. "तू जा, त्येंच्या संगट ये," म्हणाली. मी फेरीतून पलीकडे गेलो, शाळेपाशी पोचलो. तीन वर्षांनी अण्णाला बघितलं. उन्हानं काळा पडलेला, केस हातानं उपटून काढलेले, बरगड्या मोजाव्यात असा. मी खाली वाकलो, त्यानं पिंछी उचलून आशीर्वाद दिला, जसा सगळ्यांना देतात तसाच. मी सायकल हातात धरून त्याच्या मागोमाग चालू लागलो. मऊ मातीवर त्याची पावलं उमटत होती आणि मला मनातून असं वाटत होतं की बघ, कशी वाट काढलीय तुझ्यासाठी.

धक्क्यावर आलो. फळी पडलेलीच होती. मी पुढच्या माणसांना बाजूला व्हायला सांगितलं, मागे वळलो, तर दोघेही मुनी फळीच्या अलीकडे थांबलेले. थोरल्या महाराजांनी विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "फेरी हाय महाराज. पाच मिनटं लागत्यात." आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना मला कळलं. खरंच सांगतो, तोपर्यंत कळलं नव्हतं. मामा तिथंच होते. ते हात जोडून म्हणाले, "महाराज, नदी ओलांडायला नावेची मुभा शास्त्रात हाय म्हणत्यात. प्रायश्चित्त घेतलं की..." थोरले महाराज शांतपणे म्हणाले, "दुसरी वाटच नसेल तर. या नदीला पूल नाही का?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. वाटा बघायला मी गेलो होतो. नाही म्हणालो असतो तर पाच मिनिटांत अण्णा पलीकडे, आईच्या दाराशी. एवढं खोटं मी शाळेत रोज बोललेला माणूस. पण मुनींच्या समोर ते माझ्या जिभेवर येईना. "हाय," मी म्हटलं. अण्णानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "किती लांब?" "चौदा मैल. डोंगरातनं. लई वाईट खडी हाय महाराज, माझी चूक झाली." तो म्हणाला, "चूक कशाची? तू आपल्या पायानं... आपल्या सायकलनं बघितलंस." मग दोघे वळले आणि आल्या वाटेनं चालू लागले. बोटवाल्यानं भोंगा वाजवला आणि फळी उचलली, कारण त्याला त्याची वेळ होती.

मी पुढच्या फेरीनं आईकडे गेलो. ती दाराशी उभी होती, हातात कलश, त्यावर नारळ, मामीच्या शेजारी. मी सांगितलं. तिनं विचारलं, "कुठवर आल्यात?" "नदीपतोर. आता परत फिरलं." "दिसत्यात का धक्क्यावरनं?" "दिसतील अजून, घाई केलीस तर." इथं आईची जी कोंडी झाली ती आमच्या लोकांनाच समजेल. चारशे पावलांवर धक्का. तिथं गेली असती तर पलीकडच्या बांधावर चालणारा आपला मुलगा तिला दिसला असता. पण रस्त्यावर मासळीच्या पाट्या, माणसांची ये-जा, लुगड्याची शुद्धी गेली असती, पुन्हा आंघोळ, पुन्हा सगळं. आणि कोण जाणे, महाराजांनी मन बदललं आणि ते बोटीत बसले, तर दाराशी कलश घेऊन कुणी नाही असं व्हायला नको. मी म्हटलं, "आई, ते येणार न्हाईत." "तू वाटा बघणारा, तुला काय म्हाईत कोण येतं ते," ती म्हणाली. दुपार होईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मामीला कलश धरू दिला नाही. त्या दिवशी तिनं अण्णाला पाहिलंसुद्धा नाही. अन्न उचलून पलीकडे न्यावं तर बाहेरून आणलेलं अन्न मुनींना चालत नाही. पलीकडे चौका मांडावा तर तिथं शुद्ध घर नाही. अशा वेळी माणसाला आपले हात-पाय नुसते लोंबणारे वाटतात.

मुनींचा उपवास घडला. त्यात पाणीही नाही, वैशाखाचं ऊन. मी जेवायच्या ऐवजी सायकल काढली आणि डोंगरवाटेला लागलो. तीनच्या सुमाराला त्यांना गाठलं. ते दोघे समोर चार हातांवर नजर ठेवून, किडामुंगी वाचवत चालत होते. मी पुढे गेलो, सायकल आडवी टाकली आणि रस्त्यावरची धारदार खडी हातानं बाजूला सारायला लागलो. पाच-पन्नास हात झाडून होत, तोवर ते येऊन पोचत, आणि पुढे पुन्हा तशीच खडी. एक ट्रक गेला की मी झाडलेलं पुन्हा भरून जाई. काजूच्या बागेतली एक म्हातारी बघत होती, तिनं मला विचारलं की काय हरवलंय. मी म्हटलं, काही नाही आजी. अण्णा जवळून गेला, थांबला नाही. त्याचा पाय पडताना मी बघत नव्हतो, तरी आवाज ऐकू येत होता. माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतका निरुपयोगी कधी झालो नाही.

आई, मामा, मामी संध्याकाळच्या बसनं पुलाजवळच्या गावी गेले. तिथं देवळाच्या पुजाऱ्याचं घर शाकाहारी होतं, त्यांनी अर्धं घर मोकळं करून दिलं. मामांनी दोन चौके ठरवले, एक मामीचा, एक आईचा. सकाळी पुजाऱ्याच्या आडाचं पाणी गाळून आईनं पुन्हा सगळं रांधलं. मामीनं तिला बजावून सांगितलं, मी दारातून ऐकत होतो. "आक्का, केस नीट बांध, ताटात केस आला तर अंतराय. काही पडलं, काही मेलेलं दिसलं तर अंतराय. आणि रडायचं न्हाई. आहार चालू असताना कुणी रडलं तरी महाराज ओंजळ सोडत्यात. मग उद्यापतोर पाणीबी न्हाई." आई म्हणाली, "मी न्हाई रडायची. काल रडून घेतलंय." ते खोटं होतं. काल ती रडली नव्हती.

नऊच्या सुमारास दोघे पूल ओलांडून आले. थोरले महाराज मामीच्या दाराशी थांबले. अण्णा पुढे आला. मुनी मनात एखादी खूण धरून निघतात, ती दिसली तरच थांबतात, आणि ती काय हे कुणालाच ठाऊक नसतं. आईनं कलश उंचावून म्हटलं, "नमोस्तु महाराज, इथं या, इथं थांबा." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, मला जेवायला हाक मारते तसा. अण्णा थांबला. आईनं त्याच्याभोवती तीन फेरे घेतले, आत नेलं, पाटावर उभं केलं आणि त्याचे पाय धुतले. मी तोपर्यंत आंघोळ करून, शुद्ध धोतर नेसून पाण्याचा तांब्या धरायला आत गेलो होतो, कारण मामा तेव्हा मामीच्या चौक्यात होते. पायांवरून पाणी ओघळलं आणि तळव्याच्या कडा दिसल्या. फोड येऊन फुटलेले, भेगांत जांभ्याची लाल माती, टाचेत रुतलेले बारीक खडे. आईनं ते खडे अंगठ्यानं एकेक करून काढले, पाणी घातलं, पुसलं. तिच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. मन शुद्ध, वाणी शुद्ध, काया शुद्ध, आहार-पाणी शुद्ध आहे, असं ती स्पष्ट म्हणाली. अण्णानं ओंजळ केली. आधी कोमट पाणी. मग मुगाचं कढण, बिनमिठाचं. मग दुधात कुस्करलेली भाकरी. आई एकेक घास बोटांनी चाचपून त्यात काही नाही ना बघायची आणि ठेवायची. अण्णा डोळे ओंजळीवर ठेवून खात होता. दोन दिवसांचा उपाशी माणूस, पण घाई नव्हती. खोलीत त्याच्या चावण्याचा आवाज तेवढा होता, आणि तो आवाज मला ओळखीचा होता. लहानपणी आम्ही एका ताटात जेवायचो.

सातवा घास खाऊन झाला आणि त्यानं ओंजळ जरा पुढे केली, पाण्यासाठी. मी तांब्या घेऊन वाकलो. वाकल्यावर पुन्हा ते पाय दिसले, आणि माझ्या घशातून हुंदका निघाला. मी दाबायला गेलो तर आणखी मोठा निघाला. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. अण्णाची ओंजळ उघडली. बोटं सावकाश सुटी झाली, हात खाली गेले आणि तो तिथंच बसला. आईच्या हातात आठवा घास होता. तिला क्षणभर कळेना की तो कुठं ठेवायचा. तोवर दाराशी आलेले मामा हळूच म्हणाले, "अंतराय झाला." अण्णानं पिंछी घेतली, सगळ्यांना आशीर्वाद दिला, मलाही, आईलाही, अगदी सारखा. आणि उठून पलीकडच्या खोलीत गेला. पाण्याचा एक थेंब न घेता. दुसऱ्या दिवशी उजाडताच, आहाराच्या वेळेआधीच, ते दोघे उत्तरेच्या रस्त्याला लागले, आणि त्या वाटेवर आईला चौका मांडायला मधे एकही गाव नव्हतं.

अण्णा पुढे बरीच वर्षं चालत राहिला आणि उत्तरेतच त्याचा देह पडला. आईला तो पुन्हा दिसला नाही. मी कितीदा हिशेब मांडला की पुलाचं खोटं बोललो असतो तर काय झालं असतं, तांब्या मामांनी धरला असता तर काय झालं असतं. माझ्या बायकोनं एकदा वैतागून सांगितलं की तुमचं हे पुराण पुरे. तिचं बरोबर होतं, पण पुराणं अशी पुरी होत नसतात.

निपाणीला परतताना सायकल मी बसच्या टपावर टाकली. घाट चढेपर्यंत मी आईकडे बघू शकत नव्हतो. आंबोलीच्या वळणांवर बस धापा टाकत होती. शेवटी मीच म्हटलं, "आई, मला मार न्हाईतर शिव्या दे. काहीतरी बोल." ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "तू रडलास ते बरं झालं रं. आठव्या घासाला मीच रडणार व्हते. त्येच्या ध्यानात आईनं उपाशी ठेवलं असं राह्यलं असतं." मग तिनं पदर तोंडावर घेतला आणि आजऱ्यापर्यंत रडत आली. समोरच्या बाईनं मला विचारलं की कोण वारलं का. मी नाही म्हटलं, आणि आईला रडू दिलं.